द रोमन स्प्रिंग ऑफ मिसेस स्टोन (पुनर्निर्मिती, २००३)

अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्स (१९११–१९८३) यांच्या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या लघुकादंबरीवरून शोटाइम या अमेरिकन वाहिनीने केलेला चित्रपट. रंगभूमी सोडलेली, पन्नाशीची एक विधवा नटी रोममध्ये एका देखण्या तरुणाच्या प्रेमात पडते. तो पैशासाठी प्रेम करतो हे तिला कळते, तरी ती मागे फिरत नाही. हीच कथा १९६१ मध्ये एकदा पडद्यावर येऊन गेली होती, म्हणून २००३ च्या चित्रपटाला पुनर्निर्मिती म्हणतात. नाशिकच्या प्रेक्षकाला या कथेची ओढ वाटावी अशी कारणे या शहराच्या नाट्यपरंपरेतच आहेत. त्यांचा विचार नोंदीच्या उत्तरार्धात केला आहे.

कथा

कॅरन स्टोन ही न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील नावाजलेली नटी. अभिनयापेक्षा रूप हे आपले भांडवल आहे, हे ती स्वतः जाणते. उतारवयात ती शेक्सपिअरची कोवळी नायिका ज्यूलिएट करायला उभी राहते आणि नाटक पडते. (१९६१ च्या चित्रपटात ही भूमिका बदलून शेक्सपिअरच्याच एका सुखात्मिकेतील रोझलिंड केली आहे.) ती नाटक सोडून धनाढ्य नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते. वाटेत विमानातच हृदयविकाराच्या झटक्याने तो जातो. कॅरन घरी परतत नाही, रोममध्ये जागा घेऊन एकटी राहू लागते.

हे दुसऱ्या महायुद्धानंतरचे रोम आहे. जुन्या सरदार घराण्यांकडे पदव्या उरल्या आहेत, पैसा उरलेला नाही. अशीच एक म्हातारी काउंटेस श्रीमंत परदेशी बायकांची देखण्या पोरांशी ओळख करून देते आणि पोरांना मिळणाऱ्या पैशांत वाटा घेते. पाओलो हा तिच्याच हाताखालचा. तो गर्विष्ठ आहे, लाडावलेला आहे, पण निव्वळ लबाड नाही. आपली किंमत ठरवली जाते याची बोच त्यालाही आहे. कॅरन त्याच्यावर पैसा, कपडे, वेळ, सगळे उधळते. पुढे त्याचे मन दुसरीकडे वळते. दरम्यान एक फाटका, निनावी तरुण पहिल्यापासून तिच्या मागावर असतो, तिच्या घराखाली घुटमळत असतो. पाओलो गेल्यावर ती वरून किल्ल्या त्याच्याकडे टाकते. पुढे काय होते ते विल्यम्स सांगत नाहीत.

दोन चित्रपट

१९६१ चा चित्रपट होसे किंतेरो यांनी दिग्दर्शित केला. ते मूळचे रंगभूमीचे दिग्दर्शक, आणि हा त्यांचा एकमेव कथापट. कॅरन झालेल्या व्हिव्हियन ली यांचा जन्म १९१३ साली दार्जिलिंगचा. चित्रपट आला तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या, आदल्याच वर्षी लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्याशी त्यांचा घटस्फोट झाला होता. त्यानंतर त्यांनी एकच चित्रपट केला. पाओलोच्या भूमिकेत वॉरन बेटी होते, वय २४. काउंटेसच्या भूमिकेसाठी लोटे लेन्या यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. या चित्रपटात पाओलो कॅरनला एक प्रसंग ऐकवतो: तिच्यासारखीच एक मध्यमवयीन बाई स्वतःच्या घरात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडली, आणि दार फोडल्याची खूण कुठेच नव्हती. कॅरनचे उत्तर असे, की आपल्याला तीन-चार वर्षे मिळाली तरी पुरे. हा संवाद ऐकल्यावर शेवटच्या किल्ल्यांचा अर्थ बदलतो. प्रेक्षकाला तिच्या जिवाची भीती वाटू लागते आणि तिच्याबद्दलची करुणा त्या भीतीखाली दबते. जुन्या चित्रपटाची ताकद या भीतीत आहे, आणि माझ्या मते त्याची मर्यादाही तिथेच आहे.

२००३ ची पुनर्निर्मिती रॉबर्ट ॲलन ॲकरमन यांनी दिग्दर्शित केली, पटकथा नाटककार मार्टिन शर्मन यांची. हेलन मिरेन (जन्म १९४५) तेव्हा ५७ वर्षांच्या होत्या, म्हणजे लींपेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. पाओलो झालेले ऑलिव्हिए मार्तिनेझ ३७ वर्षांचे, त्यामुळे तो कोवळा पोर वाटत नाही. आपल्या धंद्याचे दिवस सरत आलेत हे ओळखणारा माणूस वाटतो. नवऱ्याची भूमिका ब्रायन डेनेही यांची, निनावी तरुणाची रॉद्रिगो सांतोरो यांची. शर्मन यांनी ख्रिस्तोफर हे नवे पात्र आणले. तो समलिंगी नाटककार आहे, कॅरनचा मित्र आहे, आणि त्याच्यात खुद्द विल्यम्स दिसतात. रॉजर ॲलम यांनी ही भूमिका केली. या एका पात्रामुळे मोठा फरक पडला. जुन्या चित्रपटात कॅरनभोवती कुजबुजणारे लोक आहेत; इथे तिला समजून घेणारा एक माणूस आहे, आणि त्याच्या नजरेतून आपणही तिच्याकडे बघायला शिकतो.

काउंटेसच्या भूमिकेत ॲन बॅन्क्रॉफ्ट होत्या. १९६७ मध्ये त्यांनी कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला मोहात पाडणाऱ्या मिसेस रॉबिन्सनची गाजलेली भूमिका केली होती. तेव्हा त्या ३६ वर्षांच्या होत्या आणि नायक डस्टिन हॉफमन ३० वर्षांचे. ज्या बाईला पडद्याने छत्तिशीत 'वयस्क' ठरवले, तीच ७१ व्या वर्षी दुसऱ्या बाईच्या एकटेपणाची दलाली करताना दिसते. निवड करणाऱ्यांच्या मनात हे होते की नाही, कोण जाणे. पडद्यावर त्याचा परिणाम विलक्षण होतो. मिरेन आणि बॅन्क्रॉफ्ट या दोघींनाही एमी या अमेरिकन दूरचित्रवाणी पुरस्काराची नामांकने मिळाली.

हा विषय पुन्हा पुन्हा केला जातो. दिग्दर्शक डग्लस सर्क यांनी १९५५ मध्ये विधवा आणि तिच्या बागेत काम करणारा तरुण यांची प्रेमकथा केली. तीच धरून जर्मन दिग्दर्शक फासबिंडर यांनी १९७४ मध्ये जर्मनीत साठीची सफाई कामगार बाई आणि तिच्याहून खूप लहान मोरोक्कन मजूर यांची कथा सांगितली. वर्ग आणि वंश बदलले तशी शेजाऱ्यांची क्रूरताही वेगळी झाली. चांगली पुनर्निर्मिती अशी असते.

नाशिकहून पाहताना

पडद्यावर केलेली गोष्ट पुन्हा करणे नाशिकला नवे नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी पहिल्या चित्रपटानंतर आपला कारखाना नाशिकला हलवला आणि १९१७ मध्ये त्याच हरिश्चंद्राची कथा नव्याने चित्रित केली. १९१३ च्या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, कारण कॅमेऱ्यासमोर यायला बाई मिळाली नाही. त्यानंतरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. स्त्रीला पडद्यावर पाऊल ठेवायलाच एवढी धडपड करावी लागली. तिथे उतारवयातल्या बाईची इच्छा हा कथेचा विषय व्हायला वेळ लागला, यात नवल नाही.

वयाच्या अंतराचा प्रश्न मात्र मराठी रंगभूमीने फार लवकर हाताळला. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा'त (१८९९) म्हातारा भुजंगनाथ, लोभी बाप कांचनभट आणि मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित आहेत. काउंटेसला पाहताना भद्रेश्वर आठवतो. दोघेही दुसऱ्याच्या तारुण्याचा सौदा करून पोट भरतात. फरक शारदेत आहे. ती विकली जाते, तिला विचारत कुणी नाही. पाओलो स्वतःला विकतो, आणि विकत घेणारी कॅरन भुजंगनाथासारखी आंधळी नाही. तिला व्यवहार दिसतो, म्हणून तिचे दुःख जास्त खोल जाते.

खरी तुलना वि. वा. शिरवाडकरांशीच व्हायला हवी. त्यांचा जन्म १९१२ चा, विल्यम्स यांच्या जन्माच्या पुढच्या वर्षीचा. नाशिकला राहून लिहिणाऱ्या या नाटककाराचे 'नटसम्राट' २३ डिसेंबर १९७० रोजी रंगमंचावर आले. अप्पासाहेब बेलवलकरही निवृत्त नट. त्यांच्याही मागे शेक्सपिअर उभा आहे, टाळ्या थांबल्यावरचे रिकामेपण त्यांच्याही वाट्याला येते. पण अप्पासाहेबांना आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. त्यांची आढ्यता आणि त्यांच्या चुका आपण पोटात घालतो, कारण ते बाप आहेत आणि नट आहेत. पहिल्या प्रयोगात ही भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते; त्या वयात म्हातारा उभा केला म्हणून त्यांचे कौतुकच झाले. बालगंधर्वांनी वय उलटल्यावरही तरुण नायिका केल्या, तेव्हाही रसिकांनी माया पातळ केली नाही. उतारवयात ज्यूलिएट करणाऱ्या कॅरनला कथेतला प्रेक्षक ती सवलत देत नाही, आणि रंगमंचाबाहेर ती प्रेम करू लागते तेव्हा तर मुळीच नाही. कालिदास कलामंदिरात 'नटसम्राट' पाहून हेलावलेल्या नाशिककराने तेच हेलावलेपण घेऊन मिरेनची कॅरन पाहावी, असे मनापासून वाटते.

या कथेचे मराठी रूपांतर करताना पहिला मोह होईल तो कॅरनला मूलबाळ देण्याचा: आईच्या प्रेमाला विरोध करणारा मोठा मुलगा, लाजेने कोळपलेली मुलगी. सर्क यांच्या कथेत मुले आहेत, तिथे ती शोभतात. कॅरनला मात्र कुणीच नाही, आणि तिला अडवणारेही कुणी नाही. पैसा तिचा, घर तिचे, निर्णय तिचा. गंगापूर रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये ही बाई आणली तरी तिचे हे मोकळेपण तसेच ठेवावे लागेल, कारण तिला रडवायला मुलगा आणला की तिची गोष्ट मुलाची होऊन जाते.