हिरवे ठिपके, निळे ठिपके आणि डेट्रॉईटची भिंत

व्हर्जिनिया विद्यापीठातून २०१३ मध्ये अमेरिकेचा एक ठिपक्यांचा नकाशा आला होता. २०१० च्या जनगणनेतल्या प्रत्येक माणसामागे एक ठिपका, म्हणजे सुमारे ३० कोटी ८७ लाख ठिपके. गोरे निळे, काळे हिरवे, आशियाई लाल, लॅटिनो केशरी. त्यात डेट्रॉईट झूम केलं की एट माईल रोड, म्हणजे शहराच्या उत्तर हद्दीवरचा रस्ता, त्याच्या खाली जवळजवळ सगळं हिरवं आणि रस्ता ओलांडला की बऱ्याच पट्ट्यात एकदम निळं, पट्टीने रेघ ओढावी तसं. आता कोणी म्हणेल लोक आपापल्यात राहतात, आपल्याकडे नाही का तसं, त्यात काय एवढं. पण ही रेघ आपोआप नाही पडली.

अमेरिकेत जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होतेय, आणि ती राज्यघटनेतच आहे कारण संसदेतल्या जागा लोकसंख्येवर वाटायच्या होत्या. तेव्हा गुलाम माणूस जागावाटपाच्या हिशेबात तीन पंचमांश धरायचे. म्हणजे कोणाला कुठल्या रकान्यात टाकायचं याचं राजकारण पहिल्या दिवसापासून होतंच.

शहराच्या आत, गल्लीगल्लीचा नकाशा काढायची कल्पना मात्र नंतरची. शिकागोत हल हाऊस नावाची संस्था होती, स्थलांतरित मजुरांच्या वस्तीत राहून काम करणारी. तिथल्या फ्लॉरेन्स केली आणि मंडळींनी घरोघरी जाऊन माहिती जमवली आणि १८९५ मध्ये नकाशे छापले, एकात कुठल्या घरात कुठल्या देशाचे लोक, दुसऱ्यात आठवड्याची कमाई. त्यात काळा रंग म्हणजे आठवड्याला ५ डॉलर किंवा त्याहून कमी. पुढच्याच वर्षी काळे समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉईस फिलाडेल्फियाच्या सेव्हन्थ वॉर्डात राहायला गेले, दार ठोठावत फिरले आणि काळ्या समाजाचा असाच रंगीत नकाशा काढला. या दोघांचा हेतू स्वच्छ होता, की बाबांनो बघा, ही गरिबी कशी आणि का आहे.

आणि मग चाळीसेक वर्षांनी हेच तंत्र उलटं फिरलं.

महामंदीत लोकांची घरं जप्त व्हायला लागली म्हणून १९३३ मध्ये सरकारने अडकलेली गृहकर्जं सोडवायला एचओएलसी नावाचं महामंडळ काढलं. त्यांनी १९३५ नंतर दोनशेहून जास्त शहरांतल्या वस्त्यांना ग्रेड दिली, ए हिरवा, बी निळा, सी पिवळा, डी लाल. प्रत्येक वस्तीचा एक फॉर्म असायचा, त्यात घरांचं वय, भाडं वगैरे ठीक आहे, पण परदेशी जन्मलेले किती टक्के, निग्रो किती टक्के आणि वर ‘घुसखोरी’ कोणाची होतेय असाही रकाना. काळी वस्ती बहुतेक लालच. रेडलायनिंग, म्हणजे वस्ती बघून कर्ज नाकारणं, हा शब्द बऱ्याच वर्षांनी आला, पण आता तो या लाल रंगाशी जोडला जातो. आता काही अभ्यासक म्हणतात की एचओएलसीचे नकाशे सगळ्या बँकांपर्यंत पोचलेच नव्हते, खरा घोळ एफएचएने घातला, म्हणजे १९३४ पासून गृहकर्जाला हमी देणारी सरकारी संस्था, तिचे स्वतःचे नियम होते. मला हे पटतं, एकाच नकाशावर सगळं खापर फोडणं सोपं आहे फक्त.

एफएचएचं काम कसं चालायचं ते डेट्रॉईटमध्येच दिसतं. एट माईलजवळ एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण शेजारी काळी वस्ती म्हणून हमी मिळेना. मग त्याने १९४१ मध्ये मधोमध भिंत घातली, साधारण सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब, आणि हमी मिळाली! भिंत अजून उभी आहे, एका भागावर आता रंगीत चित्रं काढलीत.

१९६८ च्या कायद्याने घरांबाबतचा भेदभाव बेकायदा ठरला, पण मला जास्त मोठी गोष्ट वाटते ती १९७५ ची. शिकागोच्या गेल सिंकोटासारख्या वस्तीतल्या बायाबाप्यांनी पाठपुरावा केला आणि बँकांना कुठल्या भागात किती कर्ज दिलं हे सेन्सस ट्रॅक्टनुसार जाहीर करणं भाग पडलं (ट्रॅक्ट म्हणजे साधारण चार हजार लोकवस्तीचा तुकडा). आता लोकच नकाशा काढून बँकेसमोर धरायला लागले.

तरी रकान्यांचा गोंधळ आहेच, आपलंच बघा. १९३० आणि १९४० च्या जनगणनेत वंशाच्या रकान्यात भारतीय माणूस ‘हिंदू’, मग तो पंजाबातला शीख का असेना. १९७० ला तोच गोऱ्यांत मोजला. भारतीय संघटनांनी मागणी लावून धरली तेव्हा १९८० ला ‘एशियन इंडियन’ आलं. म्हणजे एखादं पुण्याहून गेलेलं कुटुंब दहा वर्षांत एका वंशातून दुसऱ्यात, घर तेच, माणसं तीच. त्यामुळे जुन्या नकाशात भारतीय वस्ती अचानक उगवलेली दिसली तर आधी रकाना बघावा.

आणि मराठी? अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे म्हणजे जनगणना खात्याची दरवर्षीची पाहणी, त्यात घरी कुठली भाषा बोलता हे विचारतात. गुजराती, तेलुगू, तमिळ, सगळ्यांना आपापला रकाना आहे. आपण मात्र नेहमीच्या टेबलात ‘नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा’ या एकाच ओळीत, तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनमधली मराठी घरं नकाशावर शोधायला बसलात तर नेपाळी शेजाऱ्यांसकटच सापडतील.