इंदूर, रेसिडेन्सीतलं राजकुमारांचं कॉलेज आणि 377 : पार्श्वभूमी

377 म्हणजे इंग्रजांनी आणलेलं भारतीय दंड संहितेतलं कलम, पुरुषा-पुरुषातले संबंध 'निसर्गविरुद्ध' म्हणून गुन्हा ठरवणारं. इंदूरचा गुंता वेगळा होता. इंग्रजी अमदानीत राजवाड्याकडे होळकरांचा अंमल आणि रेसिडेन्सीत, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या वसाहतीत, इंग्रजांचा, आणि मध्य भारतातल्या राजकुमारांसाठीचं निवासी कॉलेज 1880 च्या दशकात उभं राहिलं ते रेसिडेन्सीच्या बाजूला. पोरांना जनानखान्यातून बाहेर काढायचं आणि इंग्रजी शिस्तीत 'मर्द' करायचं, असा एकूण हिशोब. 1900 च्या सुमाराला खुद्द व्हाइसरॉय खासगी पत्रात संस्थानिकांच्या पुरुष-संबंधांवर कुरकुरत होता आणि खापर फोडत होता बालविवाहावर! (स्वतः इंग्लंडातल्या तशाच बोर्डिंगात शिकलेला, तिकडे बरी नजर गेली नाही.)

शहराची गोष्ट निराळी. किन्नरांची पोलिसात नोंदणी करणारा 1871 चा कायदा वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबपुरता होता, होळकरी हद्दीत तो नव्हता. रामबागेतल्या मराठी घरात बाळ झालं की नंदलालपुऱ्याहून किन्नर मंडळी बधाईला यायची, आजी सुपात गहू, नारळ आणि वर नोट ठेवायची, बाळ त्यांच्या मांडीवर द्यायची, आणि ते जिना उतरले की त्या विषयावर घरात चकार शब्द नाही.

खरा घोळ झाला 2000 च्या सुमाराला, मध्य प्रदेशातल्याच कटनीत. त्याच सुमाराला सोहागपूरनं किन्नर आमदार निवडून दिली होती, त्यावर कोणी फार ओरडलं नाही. पण कटनीचं महापौरपद महिलांसाठी राखीव, आणि तिथं किन्नर उमेदवार अपक्ष उभी राहून दोन्ही मोठ्या पक्षांना पाडून जिंकली. अर्ज छाननीत पास झाला, मतदान झालं, खुर्चीवर बसून कारभारही सुरू झाला आणि मग कोर्टात मुद्दा निघाला की ही कायद्याने पुरुष, महिला राखीव जागेवर कशी? निवडणूक रद्द, 2003 मध्ये हायकोर्टाचंही शिक्कामोर्तब. राखीव जागेचा मुद्दा अगदीच फालतू होता असं नाही, पण मग तिनं उभं राहायचं तरी कुठून, हे कोणी सांगितलं नाही. 2014 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, आपली ओळख ज्याची त्यानं ठरवावी. तोवर त्या महापौरपदाची मुदत कधीच संपली होती.

आता परत 377 कडे. 2009 ला दिल्ली हायकोर्टानं त्यातून मर्जीच्या संबंधांना सूट दिली, 2013 ला ती गेली, 2018 ला परत मिळाली, पण सज्ञानांना. त्या कॉलेजसारख्या निवासी शाळांच्या हॉस्टेलमधली पोरं 18 च्या आतली, त्यांना 2012 चा पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागू, म्हणजे दोघांच्या मर्जीनं झालं तरी गुन्हा आणि वॉर्डननं माहीत असून कळवलं नाही तर तोही गुन्हा. 2021 मध्ये शिक्षकांसाठी ट्रान्स मुलांबद्दलचं सरकारी मॅन्युअल आलं आणि आक्षेप येताच काही दिवसांत वेबसाईटवरून उतरलंसुद्धा. आणि 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत 377 सारखं कलमच नाही. ऐकायला छान, पण उद्या सज्ञान पुरुषावर जबरदस्ती झाली तर बलात्काराचं कलम त्याच्यासाठी नाहीच.