स्पीकिंग टेस्टमध्ये लायब्ररीचा प्रश्न आला तर काय बोलायचं?

नमस्कार. आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या टेस्टची, तयारी करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे पत्रक काढलंय. मॉक टेस्टला बसलेली मुलं एका प्रश्नाला हमखास अडतात, म्हणून इथे फक्त त्या एकाच विषयावर बोलतोय. प्रश्न एकदम साधा आहे, डू यू ऑफन गो टू अ लायब्ररी? आणि आत्तापर्यंत घराबद्दल, कॉलेजबद्दल मस्त बोलत असलेला मुलगा एकदम ताठ बसतो आणि पाठ केलेलं म्हणायला लागतो, लायब्ररी इज अ टेंपल ऑफ नॉलेज, बुक्स आर अवर बेस्ट फ्रेंड्स, आय ऑलवेज गो टू लायब्ररी वगैरे. त्याला वाटतं नाही म्हटलं तर बँड, म्हणजे टेस्टचा स्कोअर, गेला.

बँड जात नाही. समोरचा परीक्षक तुम्ही किती वाचता ते मोजायला बसलेला नसतो, तो चारच गोष्टी बघतो, तुम्ही न अडखळता आणि सुसंगत बोलता का, शब्द किती आणि कसे वापरता, ग्रामर, आणि उच्चार. चारही गोष्टींना सारखंच वजन आहे आणि चौघांची सरासरी म्हणजे तुमचा स्पीकिंगचा बँड, म्हणजे 6, 6, 7, 7 मिळाले तर 6.5. यात 'पुस्तकांची आवड' असा रकानाच नाहीये. आय हार्डली एव्हर गो म्हणणाऱ्याला 7 मिळू शकतो आणि रोज जातो सांगणारा 5.5 वर राहू शकतो.

काही जण विचारतात, मग खोटं सांगितलं तर चालेल का? खरं-खोटं कुणी तपासत नाही, पण खोटं लांबवता येत नाही हा प्रॉब्लेम आहे. तुम्ही म्हणालात आय गो एव्हरी डे, की पुढचा प्रश्न येतो, व्हॉट डू यू युज्वली डू देअर, मग आधी तुम्हाला मराठीत कल्पना करावी लागते, मग ती इंग्रजीत आणावी लागते, आणि या दुहेरी कामात मधे जो गॅप पडतो तो थेट फ्लुएन्सीत मोजला जातो. खऱ्या गोष्टीत निदान पहिलं काम वाचतं. आणि पाठ केलेलं उत्तर ओळखायचं ट्रेनिंग परीक्षकांना असतंच, आवाजाची चाल बदलते ना, लगेच कळतं.

आमच्याकडे सिन्नरहून येणारी एक मुलगी होती, फार्मसी झालेली. पहिल्या मॉकला तिनेही टेंपल ऑफ नॉलेजच सुरू केलं. मग तिला मराठीत विचारलं, अगं तू खरंच अभ्यास कुठे केलास? तर म्हणाली अभ्यासिकेत, महिन्याची फी भरून, पुस्तकं आपलीच न्यायची, खिडकीजवळची खुर्ची सगळ्यांना हवी असते कारण चार्जिंग पॉइंट तिथेच आहे. म्हटलं हेच सांग, जसंच्या तसं. तिचं दुसरं उत्तर असं होतं:

नॉट रिअली अ लायब्ररी, टू बी ऑनेस्ट. आय गो टू अ स्टडी रूम निअर द बस स्टँड. यू पे मंथली अँड यू ब्रिंग युअर ओन बुक्स. आय ट्राय टू गेट द चेअर बाय द विंडो, बिकॉज दॅट्स व्हेअर द चार्जिंग पॉइंट इज, बट इफ आय गेट देअर आफ्टर एट, इट्स गॉन.

यात एकही अवघड शब्द नाही बघा. पण बिकॉजने जोडलेलं वाक्य आहे, इफचं वाक्य आहे, टू बी ऑनेस्ट अगदी नैसर्गिक जागी आलंय, आणि हे सगळं तिने ठरवून घातलेलं नाही, खुर्चीची गोष्ट सांगता सांगता ते आपोआप आलं. आम्ही क्लासमध्ये जे सांगतो ते हेच आहे, ग्रामर वरून चिकटवू नका, खरी गोष्ट बारकाईने सांगा म्हणजे ग्रामर कामाला लागतं.

आता नाशिकच्या मुलांकडे सांगण्यासारखं काय आहे? भरपूर आहे हो! कुणाचे आजोबा सावानाचे मेंबर असतात, म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय, 1840 सालचं. लहानपणी त्यांच्यासोबत पुस्तक बदलायला गेला असाल तर माय ग्रँडफादर युज्ड टू टेक मी देअर इथून सुरू करा. फक्त परीक्षकाला सावाना म्हणजे काय माहीत असेल असं धरू नका, एका वाक्यात ओळख करून द्या, इट्स अ पब्लिक लायब्ररी इन द ओल्ड पार्ट ऑफ माय सिटी, अँड इट स्टार्टेड बॅक इन एटीन फॉर्टी. निफाड, दिंडोरी, येवल्याकडच्या मुलांच्या गावात छोटं वाचनालय असतं, सकाळी म्हातारी माणसं तिथे पेपर वाचत बसतात, एकच पेपर पानं वेगळी करून चौघं वाचतात. हे सांगा! परीक्षकाने टेंपल ऑफ नॉलेज खूप वेळा ऐकलंय, पानं वाटून वाचलेला पेपर नाही. शाळेत लायब्ररी म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट असेल तर तेही सांगा. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला ते कपाट उघडून सगळ्यांना एकेक पुस्तक मिळायचं हे आठवत असेल तर उत्तमच.

आणि लायब्ररीशी काहीच संबंध नसेल तर? तरी उत्तर आहे. आय डोन्ट, अ‍ॅक्चुअली. आय रीड मोस्टली ऑन माय फोन. इफ देअर वॉज अ लायब्ररी निअर माय हाउस, आय वुड प्रॉबेबली गो अ‍ॅट वीकेंड्स. झालं. नुसतं 'नो' म्हणून गप्प बसायचं नाही एवढंच, एक कारण द्या आणि एखादं उदाहरण. दोन-तीन वाक्यं पार्ट 1 ला, म्हणजे टेस्टच्या पहिल्या भागाला, पुरतात, तिथे भाषण नको, कारण तो पार्टच 4 ते 5 मिनिटांचा आहे आणि त्यात बऱ्याच प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात.

पूर्ण टेस्ट 11 ते 14 मिनिटांची असते, तीन पार्टमध्ये, आणि लायब्ररीसारखा विषय तीनपैकी कुठेही येऊ शकतो. पार्ट 2 मध्ये कार्ड मिळतं, समजा तुम्ही गेलेल्या एखाद्या लायब्ररीबद्दल किंवा शांत जागेबद्दल बोला. तयारीला 1 मिनिट, कागद-पेन्सिल देतात, मग 1 ते 2 मिनिटं तुम्ही एकट्याने बोलायचं. त्या एका मिनिटात मुलं पूर्ण वाक्यं लिहायला बसतात, पहिलंच वाक्य अर्धं होतं आणि वेळ संपते. फक्त शब्द लिहा, मराठीत लिहिले तरी चालतात, आजोबा, पंखा, दंड, गोष्टीचं पुस्तक, असे चार शब्द दोन मिनिटांना पुरतात. दोन मिनिटं झाली की परीक्षक मधेच थांबवतो, ते काही चुकलं म्हणून नसतं, सगळ्यांना थांबवतात. कितीतरी मुलं तिथे खचतात आणि पार्ट 3 बिघडवून घेतात, म्हणून मुद्दाम लिहिलंय.

पार्ट 3 मध्ये प्रश्न स्वतःबद्दलचा राहत नाही, समाजाबद्दलचा होतो. मोबाईलमुळे लायब्ररी बंद पडतील का, सरकारने त्यावर पैसे खर्च करावेत का, लहान मुलांना वाचनाची सवय कशी लावायची, असं काहीतरी. इथे थोडी माहिती हाताशी असली तर बोलायला धीर येतो. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, मान्यता असलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो आणि त्याप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. पाचगणीजवळचं भिलार 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे, तिथे घराघरात पुस्तकं ठेवलीत आणि कुणीही जाऊन वाचू शकतं. आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात तर पुस्तकांची पेटीच वाचकांकडे जाते. माहितीला वेगळे मार्क नाहीत, पण फॉर एक्झाम्पल म्हटल्यावर पुढे काय बोलायचं हा प्रश्न मिटतो. एखादा प्रश्न कळला नाही तर सरळ विचारा, सॉरी, कुड यू रिपीट दॅट? त्याने काही नुकसान होत नाही, अंदाजाने भलतंच उत्तर देण्याने मात्र होतं.

आता आपल्या मराठी मुलांच्या नेहमीच्या चुका. सवय सांगताना आय अ‍ॅम गोइंग टू लायब्ररी डेली असं येतं, तिथे साधं आय गो टू द लायब्ररी एव्हरी डे हवं. मेंबरशिप आहे हे सांगताना आय अ‍ॅम हॅविंग नको, आय हॅव पुरे. पुस्तक घरी आणलं की आपण इश्यू केलं म्हणतो, पण इश्यू लायब्ररी करते, आपण बॉरो करतो. मुदत वाढवली तर रिन्यू, उशीर झाला तर ओव्हरड्यू, हे दोन शब्द नुसते माहीत असून उपयोग नाही, तोंडात बसवा. आणि उच्चारात सगळ्यात जास्त घोळ क्वायट (शांत) आणि क्वाइट (बऱ्यापैकी) यांचा होतो. शांत म्हणताना दोन तुकडे ऐकू यायला हवेत, क्वाय-अट. लायब्ररीच्या विषयात हा शब्द येणारच, त्यामुळे आरशासमोर नाही, फोनवर रेकॉर्ड करून ऐका, म्हणताना बरोबरच वाटतं, चूक ऐकताना कळते. मराठी वळणाचा सूर असेल तर मात्र टेन्शन घेऊ नका, खोटा फॉरेन अ‍ॅक्सेंट काढायची काही गरज नाही, समोरच्याला शब्द स्पष्ट कळले पाहिजेत.

आईवडिलांना एक विनंती. घरी मुलाला इंग्रजीत बोल बोल म्हणून मागे लागण्यापेक्षा जेवताना मराठीतच विचारा, तू पहिलं पुस्तक कुठून आणलंस, तेव्हा आपण कुठे राहायचो, कोण सोबत होतं. तुम्हाला आठवतं ते त्याला आठवत नसतं, आणि दोन मिनिटं बोलायला नेमकं तेच लागतं. तुमचं इंग्रजी कसंही असो, ही मदत तुम्हीच करू शकता, आम्ही नाही करू शकत.

आमच्याकडे मॉक शनिवारी आणि रविवारी असतात, एका वेळी एकच विद्यार्थी, समोरासमोर बसून. पहिल्या मॉकची फी नाही. रेकॉर्डिंग तुमच्याच फोनवर करून देतो, नंतर ते सोबत बसून ऐकतो आणि अडखळलेल्या जागा कागदावर लिहून देतो. येताना ओरिजिनल पासपोर्ट घेऊन या, खऱ्या टेस्टला तोच दाखवावा लागतो, त्यामुळे नावाचं स्पेलिंग आणि संपायची तारीख आम्ही आधीच बघून घेतो. नाव चुकलेलं असेल किंवा मुदत संपत आली असेल तर टेस्टची तारीख घ्यायच्या आधी ते काम उरकून घ्या.