विश्वेश्वर, सी. व्ही.

(६ मार्च १९३८ – १६ जानेवारी २०१७). गणिती भौतिकशास्त्रज्ञ, बंगळुरूचे. ब्लॅकहोलवर (कृष्णविवर, ज्यातून उजेडही सुटत नाही) आयुष्यभर काम केलं, मित्रमंडळींत ‘विशू’. मराठवाड्याशी तसा थेट संबंध काही नाही, पण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी (जड वस्तू हलल्या-आदळल्या की अवकाशातच उठणारे तरंग) पकडायची वेधशाळा होणार हे ठरल्यापासून इकडं चहाच्या टपरीवर पण कुणीतरी विचारतंच, की बाबा हे चार-चार किलोमीटरचे पाइप टाकून नेमकं ऐकायचं काय आहे, आणि ते समजावून सांगायला बसलं की फिरून फिरून याच माणसाच्या १९७० च्या एका छोट्या पेपरवर यावं लागतं.

वडील कन्नडमधले लेखक. शिक्षण म्हैसूर विद्यापीठात एमएस्सीपर्यंत, मग अमेरिकेत आधी कोलंबिया आणि नंतर मेरीलँड विद्यापीठ. तिथं गाइड मिळाले चार्ल्स मिसनर, म्हणजे आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतातला दादा माणूस. त्याच विद्यापीठात जोसेफ वेबर ॲल्युमिनियमचे भलेमोठे सिलिंडर टांगून गुरुत्वीय लहरी पकडायच्या मागं लागले होते (सापडल्या असं त्यांनी १९६९ ला जाहीरही केलं, पण ते पुढं टिकलं नाही). विशूंच्या हातात मात्र कागद-पेन.

पीएचडीचा प्रश्न ऐकायला सोपा आहे. ‘ब्लॅकहोल’ हा शब्द तेव्हा नुकताच रुळत होता, जॉन व्हीलर यांनी तो १९६७ च्या शेवटापासून चालवला. आइनस्टाइनच्या समीकरणांतून न फिरणाऱ्या ब्लॅकहोलचं श्वार्झशिल्ड यांनी काढलेलं उत्तर १९१६ पासून कागदावर होतं, पण अशा वस्तूला जरासा धक्का लागला तर ती सावरेल का विस्कटून जाईल? विस्कटणार असेल तर आकाशात ती सापडायचीच नाही, विषय संपला. तुलिओ रेजे आणि व्हीलर यांनी १९५७ मध्ये याला हात घातला होता, पण ब्लॅकहोलच्या काठावर नेहमीचे कोऑर्डिनेट (जागा आणि वेळ सांगायचे आकडे) दगा देतात. गावाच्या नकाशाला जिथं घडी पडते तिथं रस्ता तुटल्यासारखा दिसतो, रस्ता काही तुटलेला नसतो, तसं. विशूंनी क्रुस्कल यांचे कोऑर्डिनेट घेतले, त्यात काठावर घडी पडत नाही, आणि दाखवून दिलं की वाढत जाऊन ब्लॅकहोल मोडेल असा धक्का मुळात शक्यच नाही. म्हणजे वस्तू टिकाऊ. त्याच्या आधी १९६८ च्या एका पेपरमध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली, फिरणाऱ्या ब्लॅकहोलमध्ये ‘इथून पुढं एका जागी थांबता येत नाही’ ही हद्द आणि ‘इथून परत येता येत नाही’ ही हद्द वेगवेगळी असते, न फिरणाऱ्यात त्या एकच.

आता तो १९७० चा पेपर. उन्हाळ्याच्या तोंडाला आठवडी बाजारात माठ घ्यायला गेलं की आमची आई आधी बोटानं टिचकी मारते आणि कान देते. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला की कुठंतरी तडा गेलाय, कुंभार काही का म्हणेना. लहान माठ बारीक वाजतो, रांजण घुमतो. आत डोकावायची गरजच नाही. विशू तेव्हा न्यूयॉर्कला नासाच्या संस्थेत होते, त्यांनी ब्लॅकहोलला हेच केलं, म्हणजे गणितात, गुरुत्वीय लहरींचा एक झोत त्याच्यावर सोडून काय परत येतं ते बघितलं. झोत रुंद असला की खास काही घडेना. साहजिकच आहे, माठावर उशी आपटली तर काय वाजणार. मग झोत अरुंद करत करत ब्लॅकहोलच्या आकाराएवढा केला आणि ते वाजलं! परत आलेल्या लहरीत काही झोके, प्रत्येक झोका आधीपेक्षा लहान, मग शांत. आणि हा आवाज टिचकी कशानं मारली यावर नाही, तर ब्लॅकहोल किती वजनाचं आहे आणि फिरत असेल तर किती वेगानं फिरतंय यावर ठरतो. न फिरणारं, १० सूर्यांएवढं ब्लॅकहोल सेकंदाला साधारण १२०० वेळा कंप पावतं आणि अर्ध्या मिलिसेकंदात आवाज विरायला लागतो. वजन वाढलं की आवाज खर्जात जातो, रांजणासारखा. याला आता क्वासीनॉर्मल मोड म्हणतात, हे जड नाव नंतर विल्यम प्रेस यांनी दिलं.

पुढची ४५ वर्षं ही गोष्ट कागदावरच. मधल्या काळात बोस्टन, न्यूयॉर्क, पिट्सबर्ग इथं काम करून विशू १९७६ मध्ये बंगळुरूला रामन संशोधन संस्थेत आले, नंतर भारतीय खगोलभौतिकी संस्थेत प्राध्यापक. १९८९ मध्ये सुरू झालेल्या बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू तारांगणाचे ते पहिले संचालक, शाळकरी पोरांसाठी कार्यक्रम लिहायचे, कार्टून काढायचे. पत्नी सरस्वती जैवभौतिकीतल्या संशोधक. आमच्या बीएस्सीच्या तीन वर्षांत त्यांचं नाव वर्गात एकदाही निघालं नाही, ही माझी जुनी तक्रार.

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनच्या लायगो यंत्रांनी पहिली गुरुत्वीय लहर पकडली. साधारण ३६ आणि २९ सूर्यांएवढी दोन ब्लॅकहोल एकमेकांत मिसळून ६२ सूर्यांएवढं एक झालं, उरलेल्या ३ सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या लहरी झाल्या. सिग्नलच्या शेवटी तो विरत जाणारा घुमारा, सेकंदाला २५० च्या आसपास, जेमतेम चार मिलिसेकंदांचा. ११ फेब्रुवारी २०१६ ला हे जाहीर झालं तेव्हा विशू ७७ वर्षांचे होते, त्यांना हे बघायला मिळालं, आणि अकरा महिन्यांनी ते गेले.

जाहीर झाल्यावर सहाच दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळानं लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी दिली, पूर्ण मंजुरी यायला मात्र ६ एप्रिल २०२३ उजाडलं, खर्च साधारण २६०० कोटी. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन भुजा, लेझर आणि आरसे, यंत्राची रचना अमेरिकेसारखीच. आवाज आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आला हे दोन यंत्रांवरून नीट कळत नाही, लांबवर आणखी कान लागतात. एक इटलीत आहे, एक जपानात, आणि एक औंढ्याला होतोय.