जागतिक कॅरम अजिंक्यपद स्पर्धा

आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाच्या मान्यतेने साधारणपणे दर चार वर्षांनी होणारी, कॅरममधील सर्वोच्च स्पर्धा. पहिली स्पर्धा १९९१ मध्ये नवी दिल्लीत झाली. पुरुष व महिला एकेरी, दुहेरी, सांघिक आणि स्विस लीग असे तिचे मुख्य विभाग आहेत. याच महासंघाची विश्वचषक स्पर्धा वेगळी. ती दोन जागतिक स्पर्धांच्या मधल्या काळात घेतली जाते. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत या दोन्हींची नेहमी गल्लत होते आणि एकाच खेळाडूच्या नावापुढे ‘विश्वविजेता’ हे बिरूद दोन वेगवेगळ्या अर्थांनी लागते.

भारतात कॅरम घरोघरी खेळला जातो. घर बदलले की नियमही बदलतो. कुठे राणीला पाच गुण, कुठे तीन, कुठे अंगठ्याने मारलेला फटका बाद, तर कुठे सगळे चालते. एका नियमाखाली देशव्यापी स्पर्धा भरवण्याचे काम १९५६ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय कॅरम महासंघाने हाती घेतले. श्रीलंका, मालदीव, बांगलादेश, मलेशिया येथे खेळ रुजलेला होताच. युरोपात, विशेषतः स्वित्झर्लंड व जर्मनीत, हौशी खेळाडूंचे क्लब उभे राहिले होते. या सगळ्यांना एकत्र आणून १५ ऑक्टोबर १९८८ रोजी चेन्नईत (तेव्हाचे मद्रास) आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना झाली. त्यामागे बी. बंगारू बाबू यांची चिकाटी मोठी होती. सरकारी पाठबळ आणि प्रायोजकांचा पैसा या दोन्हींची वानवा असलेल्या खेळाला जागतिक संघटना मिळाली, ती अशा काही कार्यकर्त्यांच्या धडपडीतून. महासंघाचे पहिले ठोस काम म्हणजे ‘कॅरमचे कायदे’. जागतिक स्पर्धा त्यांवरच उभी आहे.

दिल्लीनंतर १९९५ मध्ये कोलंबो, २००० मध्ये पुन्हा नवी दिल्ली आणि २००४ मध्ये पुन्हा कोलंबो असे यजमान झाले. २००८ मध्ये ही स्पर्धा फ्रान्समधील कान येथे गेली आणि दक्षिण आशियाबाहेर पहिल्यांदा पडली. पुढे कोलंबो (२०१२) आणि बर्मिंगहॅम (२०१६) झाल्यावर पुढची स्पर्धा कोविडमुळे लांबली व २०२२ मध्ये मलेशियातील लंकावी बेटावर पार पडली. विश्वचषकाची ठिकाणे याहून दूरदूरची आहेत: अमेरिकेतील रिचमंड (२०१०), मालदीवची राजधानी माले (२०१४), दक्षिण कोरियातील चुंचॉन (२०१८) आणि अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को परिसर (२०२४).

स्पर्धेचा बोर्ड घरातल्या बोर्डापेक्षा जड आणि वेगवान असतो. खेळाचा चौरस ७३.५ ते ७४ सेंटीमीटर बाजूचा, प्लायवूड किमान ८ मिलिमीटर जाडीचे, भोक ४.४५ सेंटीमीटर व्यासाचे. लाकडी सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटीमीटर आणि वजन ५ ते ५.५ ग्रॅम असावे लागते. स्ट्रायकर मात्र खेळाडूचा स्वतःचा असतो. त्याचा व्यास ४.१३ सेंटीमीटर आणि वजन १५ ग्रॅम यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि धातूचा स्ट्रायकर वापरता येत नाही. आपापल्या स्ट्रायकरवर खेळाडूंचा फार जीव असतो, म्हणून सामन्यापूर्वी पंच तो तपासून घेतात. बोर्डाच्या वर मधोमध दिवा टांगलेला असतो, कारण खोलीतल्या कोपऱ्यातल्या दिव्याने सोंगटीची सावली पडते आणि बारीक कटचा अंदाज चुकतो. बोर्डावर बोरिक पावडर टाकतात. सामन्याआधी दोन सरावाचे बोर्ड (सोंगट्या मांडण्यापासून संपेपर्यंतचा एक डाव म्हणजे एक बोर्ड) खेळू देतात, आणि परदेशी सभागृहात त्यांचे मोल फार असते. दमट हवेत बोर्ड जड होतो, कोरड्या वातानुकूलित हॉलमध्ये तोच सुसाट पळतो. मुंबईच्या पावसाळ्यात तयार झालेल्या हाताला या दोन बोर्डांत आपला जोर बसवून घ्यावा लागतो.

सामन्याची सुरुवात नाणेफेकीने किंवा मुठीत सोंगटी लपवून होते. जिंकणारा ब्रेक, म्हणजे मांडणी फोडणारा पहिला फटका, तरी घेतो किंवा बाजू तरी निवडतो. ब्रेक घेणाऱ्याच्या सोंगट्या पांढऱ्या. मांडणीत मध्ये राणी, तिच्याभोवती सहा सोंगट्या आणि त्यांच्याभोवती बारा, एक पांढरी एक काळी अशा. मधल्या राणीपासून निघणाऱ्या तीन फांद्यांवर पांढऱ्या सोंगट्या येतात आणि इंग्रजी ‘वाय’ अक्षराचा आकार तयार होतो. ब्रेक घेणारा हा ‘वाय’ किंचित फिरवून दोन फांद्यांची तोंडे समोरच्या दोन भोकांकडे करून घेतो. कसलेला खेळाडू इथे अर्धा मिनिट सोंगट्या दाबून घट्ट करत बसतो, कारण मांडणीत केसाएवढी फट राहिली तरी फुटलेल्या सोंगट्यांच्या दिशा बदलतात. स्ट्रायकर मांडणीला लागलाच नाही तर तीन वेळा संधी मिळते, पण या पातळीवर तशी वेळ येत नाही.

स्ट्रायकर आपल्या बाजूच्या दोन्ही समांतर रेषांना (बेसलाइनना) टेकलेला हवा. कडेच्या तांबड्या वर्तुळावर ठेवायचा असेल तर ते पूर्ण झाकले गेले पाहिजे, अर्धवट चालत नाही. फटका कोणत्याही बोटाने मारता येतो. अंगठ्यालाही परवानगी आहे, हे घरच्या नियमांवर वाढलेल्या अनेकांना पटत नाही. स्ट्रायकर ढकलायचा नाही, टिचकीनेच मारायचा. खेळाडूचा कोपर कोपऱ्यातल्या बाणाच्या काल्पनिक वाढीव रेषेपलीकडे जाता कामा नये. खुर्ची हलवायची नाही, पंचांना विचारल्याशिवाय उठायचे नाही, आणि प्रत्येक फटका १५ सेकंदांत मारायचा. अनुभवी खेळाडू समोरच्याची पाळी चालू असतानाच आपला पुढचा फटका ठरवून ठेवतो, तो या १५ सेकंदांमुळेच. दुहेरीत जोडीदार समोरासमोर बसतात, आणि बोर्ड चालू असताना एकमेकांना शब्दाने किंवा खुणेने काही सुचवणे नियमबाह्य आहे.

स्ट्रायकर भोकात गेला की ‘ड्यू’ लागतो, म्हणजे जिंकलेली एक सोंगटी परत बोर्डावर येते. ती मोठ्या वर्तुळात कुठे ठेवायची हे प्रतिस्पर्धी ठरवतो, आणि तो अर्थातच तुम्हाला सर्वांत गैरसोयीची जागा शोधतो. एकही सोंगटी घेतलेली नसेल तर ड्यू उधार राहतो. स्ट्रायकरबरोबर स्वतःची सोंगटीही गेली असेल तर ती आणि दंडाची एक अशा दोन बाहेर येतात, पण पाळी कायम राहते. बोर्डाबाहेर उडालेली सोंगटी पंच मधल्या वर्तुळावर ठेवतात.

राणी घेण्याआधी स्वतःची निदान एक सोंगटी भोकात गेलेली हवी, आणि राणीनंतर लगेच दुसरी सोंगटी घालून ती ‘कव्हर’ करावी लागते. कव्हर चुकले तर राणी परत मध्ये. राणी बोर्डावर असताना स्वतःची शेवटची सोंगटी घातली तर बोर्ड हरतो. त्याच अवस्थेत प्रतिस्पर्ध्याची शेवटची सोंगटी आपल्या हातून गेली तरीही हरतो. त्यामुळे शेवटच्या दोन-तीन सोंगट्यांचा खेळ हा नेमबाजीइतकाच अडवाअडवीचा असतो. आपली सोंगटी भोकाच्या तोंडाशी नेऊन ठेवायची आणि समोरच्याची वाट बंद करायची. मुंबईतल्या खेळाडूंच्या बोलण्यात ‘त्याला सोंगटी सोडली नाही’ हे वाक्य स्तुतीचे असते.

गुणांची पद्धत साधी दिसते, पण डावपेचांचे सारे मूळ तिथे आहे. सामना तीन गेमचा, दोन जिंकणारा विजयी. गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा, जे आधी संपेल तो निकाल. आठव्या बोर्डानंतर गुण समान असतील तर जादा बोर्ड होतो. ब्रेक आळीपाळीने मिळतो, म्हणजे आठ बोर्ड झाले तर दोघांना चार-चार ब्रेक येतात. ब्रेक घेणाऱ्याला पहिल्याच फटक्यापासून पुढे जाण्याची संधी असते, म्हणून आठ बोर्डांची ही मर्यादा न्याय्य आहे. तिसऱ्या गेममध्ये कोणी १३ गुणांपर्यंत पोहोचले किंवा चार बोर्ड झाले की बाजू बदलतात, कारण बोर्डाच्या एका कडेचा किंवा दिव्याचा फायदा कुणा एकालाच सबंध निर्णायक गेमभर मिळू नये.

बोर्ड जिंकणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या शिल्लक सोंगट्यांइतके गुण मिळतात, आणि राणी त्याने कव्हर केली असेल तर आणखी तीन. हरणाऱ्याने राणी घेतली असेल तर तिचे गुण कोणालाच नाहीत. एका बोर्डाचे कमाल गुण होतात बारा. सलग दोन बोर्ड बाराचे मारले तरी बेरीज २४, म्हणजे गेम संपायला किमान तीन बोर्ड लागतातच.

आता खरी गंमत. राणीचे तीन गुण खेळाडूची गुणसंख्या २१ पर्यंत असेल तरच धरले जातात, २२ पासून ते बंद. २१ गुणांवर असलेला खेळाडू राणी कव्हर करून बोर्ड जिंकला तर गेम हमखास त्याचा, कारण बोर्ड जिंकताना समोरच्याची एक तरी सोंगटी शिल्लक असतेच आणि २१, ३ व १ मिळून २५ होतात. तोच खेळाडू २२ वर असेल तर एका बोर्डात गेम संपवायला त्याला प्रतिस्पर्ध्याच्या तीन सोंगट्या शिल्लक लागतात. म्हणजे एक गुण जास्त असूनही काम जड होते. प्रतिस्पर्धी पिछाडीवर असल्याने त्याला मात्र राणीचे गुण मिळतच राहतात, त्यामुळे २२ वर असलेल्याला स्वतःला काही लाभ नसताना राणी अडवून धरावी लागते. जागतिक स्पर्धेत ०-१५ अशा पिछाडीवरून गेम फिरतात, त्यात या तरतुदीचा मोठा वाटा आहे. कॅरमच्या कायद्यांतला हा सर्वांत हुशार नियम आहे. आघाडी घेतलेल्याला तो सुस्तावू देत नाही आणि मागे पडलेल्याला खेळात ठेवतो.

ब्रेक घेणाऱ्याने पहिल्याच पाळीत राणीसह नऊही पांढऱ्या सोंगट्या घातल्या तर त्याला ‘व्हाइट स्लॅम’ म्हणतात. समोरच्याने आपल्या पहिल्या पाळीत काळ्यांचा तसा सफाया केला तर तो ‘ब्लॅक स्लॅम’. व्हाइट स्लॅममध्ये समोरच्याच्या हाती स्ट्रायकर येतच नाही. अव्वल खेळाडूंच्या स्पर्धेत स्लॅमची स्वतंत्र नोंद ठेवली जाते आणि बातमीत विजयाइतकाच त्याचा उल्लेख होतो.

आयोजनाची जबाबदारी यजमान देशाच्या संघटनेवर असते. बोर्ड, स्टँड, दिवे, पावडर आणि पंच यांची सोय तिने करायची, आणि नियमांवर देखरेख महासंघाने नेमलेल्या प्रमुख पंचांची. प्रत्येक बोर्डाशी एक पंच बसतो, तोच गुणपत्रक भरतो. खेळाडूला पंचांचा निर्णय पटला नाही तर खेळ थांबवून प्रमुख पंचांकडे दाद मागता येते, पण सोंगटी हलण्याआधी. एकदा पुढचा फटका गेला की मागची स्थिती पुन्हा मांडता येत नाही.

एकेरीत मानांकन देऊन बाद फेरी होते. सांघिक लढतीत एकेरी व दुहेरी मिळून तीन सामने असतात आणि दोन जिंकणारा देश पुढे जातो. स्विस लीगमध्ये कोणी बाद होत नाही. दर फेरीत सारखे गुण असलेल्यांची गाठ घालतात, आणि शेवटी सर्वाधिक गुणांचा विजेता. दूरवरून आलेला एखादा पोलिश किंवा जपानी खेळाडू बाद फेरीत पहिल्याच दिवशी भारतीयापुढे पडून घरी जातो. स्विस लीगमध्ये त्याला दिवसभर खेळायला मिळते, आणि खेळाचा प्रसार ज्या देशांत व्हायला हवा त्यांच्यासाठी हाच विभाग सर्वांत उपयोगाचा आहे.

खेळाची सत्ता अजून दक्षिण आशियातच आहे. चेन्नईच्या मारिया इरुदयम यांनी १९९१ व १९९५ अशी पहिली दोन्ही पुरुष विजेतेपदे मिळवली आणि कॅरममधला अर्जुन पुरस्कारही त्यांनाच मिळाला. भारताला खरी टक्कर श्रीलंकेची. २०१२ मध्ये कोलंबोत निशांत फर्नांडो यांनी घरच्या प्रेक्षकांसमोर पुरुष एकेरीचे विजेतेपद खेचून घेतले. महाराष्ट्राचा ठसाही ठळक आहे: पुण्याचे योगेश परदेशी २००८ मध्ये कान येथे आणि मुंबईचे प्रशांत मोरे २०१६ मध्ये बर्मिंगहॅम येथे जगज्जेते झाले. मोरे यांनी चुंचॉनचा विश्वचषकही जिंकला. २०२२ मध्ये लंकावीत पुरुषांचे विजेतेपद मुंबईच्याच संदीप दिवे यांनी आणि महिलांचे रश्मी कुमारी यांनी घेतले. महिलांत हैदराबादच्या एस. अपूर्वा यांनी बर्मिंगहॅमला विजेतेपद मिळवले होते. चेन्नईच्या इलवळगी यांनी २००८ मध्ये तर एम. काझिमा यांनी २०२४ च्या विश्वचषकात सुवर्ण जिंकले. इलवळगी यांचे वडील तीनचाकी सायकलगाडी ओढत, काझिमा यांचे वडील रिक्षा चालवतात.

मुंबईतील चाळींच्या गॅलऱ्या, गणेशोत्सवातल्या मंडळांच्या स्पर्धा आणि मग बँका, विमा व तेल कंपन्यांचे कार्यालयीन संघ ही इथल्या खेळाडूची नेहमीची वाट. नोकरी मिळाली की सराव टिकतो, हे महाराष्ट्राच्या बहुतेक अव्वल खेळाडूंच्या बाबतीत खरे आहे. रिझर्व्ह बँक, आयुर्विमा महामंडळ आणि सार्वजनिक तेल कंपन्या यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या नसत्या, तर इथल्या कित्येकांना जागतिक स्पर्धेचे तिकीटही परवडले नसते. जिल्हा व राज्य मानांकन स्पर्धांतून वर येऊन राष्ट्रीय स्पर्धेत चमकणाऱ्यांतून भारताचा संघ निवडला जातो. देशाला मिळणाऱ्या जागा मोजक्या असतात, आणि अनेक जाणकार खेळाडू बोलून दाखवतात की भारतीय संघात शिरणे हे जागतिक स्पर्धेतल्या पहिल्या दोन-तीन फेऱ्या जिंकण्यापेक्षा कठीण आहे.