कपाळावरून उतरलेलं नाक

विड्याला लागतो तो कात, मेणाचा पातळ पापुद्रा, थोडं तूप, कापडाच्या पट्ट्या आणि एक धारदार पातं. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ एका माणसाने एवढ्या सामानावर दुसऱ्याला नवं नाक बसवून दिलं.

रुग्णाचं नाव कावसजी. नाव पारशी वाटतं खरं, पण लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याच्याविषयी जे पत्र छापून आलं, त्यात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचं म्हटलं आहे. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकायचा. बैलवाला म्हणजे लढाईतला किरकोळ माणूस असं कुणाला वाटेल. तसं अजिबात नव्हतं. मे १७९१ मध्ये इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणपर्यंत पोचूनही माघारी फिरला, कारण बैल मेले होते. तोफा ओढायला जनावरं नाहीत आणि दाणागोटा संपलेला. मराठ्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज येऊन मिळाली, तेव्हा कुठे त्याच्या शिपायांच्या तोंडात घास पडला. पुढे १७९२ च्या युद्धात कावसजी टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापण्यात आला. हात गेला की कामधंदा गेला, नाक गेलं की चारचौघांत तोंड दाखवणं गेलं. माणूस मात्र जिवंत सोडायचा, म्हणजे बाकीच्यांना बघायला राहतो.

वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नाक करून दिलं. ही शस्त्रक्रिया स्वतः पाहिलेल्या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावं पत्रात आहेत, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले. कावसजीचं चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचं नावही आपल्याला माहीत आहे. ज्याने पातं चालवलं, त्याचं तेवढं लिहायचं राहून गेलं!

कृती मात्र पत्रात बारकाईने दिली आहे. आधी मेणाचं पातळ नाक उरलेल्या खुंटावर बसवून बघायचं. आकार मनासारखा झाला की ते चपटं करून कपाळावर ठेवायचं आणि भोवती रेघ मारायची. मेणाचं काम संपलं. आता त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवत खाली यायचं, पण दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी कापायची नाही. मग खुंटावरचा जुना व्रण खरवडून तिथे ताजी जखम करायची, नाकपुड्यांच्या कडेने वरच्या ओठापर्यंत चीर द्यायची आणि कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली वळवून त्या चिरेत खोचायची. वरून पाण्यात कालवलेला कात फासलेल्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. त्यानंतर तुपात भिजवलेल्या पट्ट्या. रुग्णाने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. हे सगळं भुलीशिवाय, कारण इथरची पहिली जाहीर भूल बॉस्टनला दिली गेली ती १८४६ मध्ये.

सगळी गंमत त्या न कापलेल्या पट्टीत आहे. एवढी जाड कातडी पूर्ण सुटी करून दुसरीकडे चिकटवली, तर खालच्या जखमेतून नव्या रक्तवाहिन्या येईपर्यंत तिचा निभाव लागणं अवघड. त्यात नाकाच्या जागी खाली धड जमीनच नाही, पोकळी आहे. कातडी काळी पडून गळून जाणार. भुवईच्या आतल्या टोकापाशी मात्र एक धमनी वर कपाळात चढते. पट्टी राखली की ती धमनी शाबूत राहते आणि कातडी जागा बदलूनही आपल्या जुन्याच रक्तावर जगते. दरम्यान नव्या जागेच्या कडांमधून बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. काही आठवड्यांनी पट्टी कापली तरी नाक जिवंत! आजचे प्लास्टिक सर्जनही मोठं नाक घडवताना कपाळाचीच कातडी घेतात आणि तो देठ बहुतेकदा तीन आठवड्यांनी कापतात.

कातातल्या टॅनिनने प्रथिनं घट्ट होतात. विडा खाल्ल्यावर तोंड आक्रसतं ते त्यामुळेच. पट्ट्या सुकून कडक झाल्या की कातडी हलायला वाव उरत नसणार. ही शस्त्रक्रिया हमखास यशस्वी होते, असं पत्रात ठोकून दिलं आहे, ते मी जरा जपूनच वाचतो. फसलेल्या नाकाचं चित्र काढायला कोण जातो?

कातडी जिवंत ठेवायची, ही समज पूर्वी सगळीकडे नव्हती. सोळाव्या शतकात युरोपात बंदुकीची दारू विषारी मानत आणि गोळीच्या जखमेत उकळतं तेल ओतत. १५३७ मध्ये तुरिनच्या मोहिमेत आंब्रोआझ पारे या तरुण फ्रेंच शल्यकाराचं तेल संपलं. नाइलाजाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन कालवून लावलं आणि रात्रभर काळजीने तळमळत राहिला. सकाळी बघतो तर तेलवाले तापाने फणफणलेले, जखमा सुजलेल्या, आणि बिनतेलाचे बऱ्यापैकी शांत झोपलेले. तेलाने भाजून मेलेलं मांस जंतूंना आयतं खाद्य होतं. जंतू हा शब्दही ज्याच्या कानावर नव्हता, त्या पारेने त्या दिवसापासून तेल सोडलं.

सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची कातडी घ्यायला सांगितली आहे, मापाला झाडाचं पान आणि नाकपुड्यांत दोन नळ्या. गालावरून कपाळावर ही विद्या कशी सरकली कोण जाणे, पण ती वैद्यांच्या पोथीतून निघून कारागिरांच्या हातात टिकली.

लंडनच्या जोसेफ कार्प्यूने हीच रीत आधी प्रेतांवर गिरवली आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी जिवंत माणसावर करून पाहिली. त्याचा दुसरा रुग्ण मॅथ्यू लेथम नावाचा अधिकारी. १८११ मध्ये स्पेनमधल्या अल्बुएराच्या लढाईत पलटणीचं निशाण वाचवताना तलवारीच्या वारांनी त्याचा एक हात आणि नाकासकट चेहऱ्याचा काही भाग गेला होता. कावसजीचंही एक नाक आणि एक हातच गेला होता. लेथमच्या कपाळाची कातडीही तशीच पीळ देऊन खाली वळवली गेली, आणि खर्च इंग्लंडच्या युवराजाने केला.