मोत्यासारखी गाठ: थोडी पार्श्वभूमी

सोलापुरात "डोक्यात गाठ निघाली" म्हटलं की आधी रडारड, मग सिद्धेश्वराला नवस, मग कुणीतरी म्हणतंच, पुण्याला हलवा. मावशीच्या वेळी सेम. गाठ कॅन्सरची नव्हती, एपिडर्मॉइड सिस्ट होती, म्हणजे कातडीच्या पेशींची पिशवीसारखी गाठ, कवटीच्या तळाशी, कानामागे आतल्या बाजूला. त्याआधी गालात करंट मारल्यासारखं दुखतंय म्हणून दोन दाढा काढून झालेल्या, कारण चेहऱ्याच्या नसेवर दाब आला की कळ दाढेतच वाटते, डेंटिस्टला तरी काय बोलणार.

आजार काही नवा नाही बरं का. १८२९ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टर क्रूव्हेलिए यांनी तिला मोत्याची गाठ म्हटलं, पांढरी नि चकचकीत असते म्हणून. १८३८ मध्ये जर्मनीच्या म्युलर यांनी कोलेस्टेटोमा असं नाव दिलं, ते आता जास्त करून कानाच्या आजारालाच वापरतात. मुळात ही आपलीच कातडी! बाळ पोटात तीन ते पाच आठवड्यांचं असताना मेंदू-मणक्याची नळी मिटते, तेव्हा कातडीच्या चार पेशी आत अडकतात आणि तिथेच बसून जन्मभर कोंडा टाकत राहतात. वाढ इतकी हळू की त्रास सुरू व्हायला कितीतरी वर्षं जातात.

खरी अडचण होती ती ही गाठ डोक्याच्या आत बघायची कशी, ही. एक्सरेत हाड दिसतं, मेंदू नाही. १९१८-१९ मध्ये अमेरिकेत डँडी नावाच्या सर्जननी मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून एक्सरे काढले, पेशंटचं डोकं भयंकर दुखायचं. १९७१ मध्ये लंडनला सीटी स्कॅन आला, पण त्यातही ही गाठ साध्या पाण्याच्या गाठीसारखीच काळी दिसते, मग ओळखायची कशी? ते जमलं एमआरआयच्या डिफ्युजनमध्ये, म्हणजे आतलं पाणी किती मोकळं हलतंय ते दाखवणाऱ्या फोटोत, पाण्याची गाठ काळी राहते आणि ही पांढरी फटक चमकते. हा फरक महत्त्वाचा, कारण पाण्याची गाठ त्रास देत नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात.

ऑपरेशनचं म्हणाल तर साठच्या दशकात मायक्रोस्कोप आला नि हात सुधारला. नव्वदच्या दशकात नाकातून दुर्बीण घालायला लागले, पण ते पिट्युटरीजवळच्या (मेंदूखालची हार्मोनची ग्रंथी) राथके सिस्टसारख्या मधल्या गाठींना बरं पडतं, मावशीसारख्या बाजूच्या गाठीला कानामागूनच जावं लागतं. आतला माल मऊ असतो, निघतो, पण पिशवी नसांना नि रक्तवाहिन्यांना चिकटलेली, ओढली तर तोंड वाकडं व्हायचं नाहीतर ऐकू येणंच बंद व्हायचं, आणि माल सांडला तर जंतू नसतानाही मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज. म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम थोडी पिशवी आत ठेवली, आम्ही आधी भांडलोच त्यावरून. आता दरवर्षी एमआरआय, आणि रिपोर्ट हातात आला की मावशी पहिलं विचारते, "तेवढंच हाय का?"